अर्ज गेला नाही

पटत नसेल तर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचं काही नाही. हे माझ्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या मुलीसोबत, अरीबासोबत घडलं.

अमरावती, राजापेठ. १० जानेवारी २०१८, बुधवार.

रात्र नव्हती. दुपारचे सव्वातीन वाजले होते. खाली ट्यूशनची पोरं गाड्या लावत होती, हॉर्न वाजत होते. अशा वेळी कोणाला भीती वाटेल?

अरीबा तिथल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. बोंडअळीने कापूस खाल्ला ते वर्ष. एका विमा कंपनीसाठी त्यांनी साइट बनवली होती. नुकसान झालेल्या शेतकऱ्याने त्यावर अर्ज भरायचा. शेवटची तारीख १५ जानेवारी.

साइटमध्ये रोज काही ना काही बदल व्हायचे. प्रत्येक बदल आधी ओमप्रकाशकाका हाताने तपासायचे. चांदूर बाजारचे, पन्नाशी उलटलेले. एका बोटाने टाइप करायचे. टक... टक... टक. पण त्यांच्या नजरेतून चूक सुटायची नाही.

मग मालक गोपालसरांनी अरीबाला सांगितलं, "हे सगळं आपोआप झालं पाहिजे."

तिने पाइपलाइन बांधली. नवा कोड टाकला की चाचण्या आपोआप चालायच्या. मग सुरक्षेची तपासणी, कुठे चोरवाट राहिली का, पासवर्ड उघडा पडला का. सगळ्यांवर हिरवी खूण आली की साइट थेट लोकांपुढे. मध्ये माणूस नाही.

काकांना राग आला नाही. उलट शेजारी बसून ते तिला एकेक चाचणी सुचवत गेले.

त्यातच त्यांना ती चूक सापडली.

नवरा वारलेला, सातबारा अजून त्याच्याच नावावर, अशा बाईने अर्ज भरला की पडद्यावर यायचं, "अर्ज स्वीकारला." पण आत काहीच साठत नव्हतं. नाव नाही, गाव नाही, फोन नंबर नाही. बाई निर्धास्त घरी जायची, आणि तिचा अर्ज कुठेच नसायचा.

काकांनी त्याची चाचणी लिहायला लावली. पाइपलाइन लाल झाली. सगळे बदल अडकले.

"दुरुस्तीला पंधरा दिवस लागतील," गोपालसर म्हणाले. "तेवढा वेळ नाही. ती चाचणी काढ."

अरीबाने काढली.

डिसेंबरअखेर काकांनाही काढलं. आता तपासायला माणूस कशाला? जाताना ते कारण विचारायला तिच्या टेबलापाशी थांबले.

"ती चाचणी तू काढली, बेटा? कावून?"

ती टाइप करत राहिली.

सहा जानेवारीला काका दुसरं काम शोधायला मोटारसायकलने अमरावतीला येत होते. वाटेत ट्रकने उडवलं. जागीच गेले.

ऑफिस अर्धा दिवस बंद ठेवलं. बस, तेवढंच.

तर, बुधवारची ती दुपार. नवा बदल टाकायचा होता. अरीबाने बटण दाबलं.

चाचण्या... हिरव्या.

सुरक्षा... हिरवी.

आता साइट चढायला हवी होती. पण मध्ये आणखी एक पायरी आली. पिवळी. नुसती फिरत राहिलेली.

तिच्यासमोर लिहिलं होतं...

"थांबा. पाहून राहिलो."

अशी पायरी तिने बांधलीच नव्हती. तिने फाइल उघडली. त्यात पायरी नाही. बदल कोणी केला ते पाहिलं. शेवटचं नाव तिचंच.

आणि मग खालचे हॉर्न बंद झाले. पोरांचा आवाजही. एकदम.

टक...

टक... टक...

आवाज कोपऱ्यातून येत होता. काकांच्या जागेवरून. तिथला संगणक आठवड्यापूर्वीच उचलून नेला होता. टेबल मोकळं होतं.

प्रत्येक टकसरशी अरीबाच्या पडद्यावर एक ओळ उमटत होती. बाईचं नाव. गाव. फोन नंबर. आणि प्रत्येकीपुढे तेच तीन शब्द...

अर्ज गेला नाही.

अर्ज गेला नाही.

एक्केचाळीस ओळी.

जी नावं साइटने कधी साठवलीच नव्हती, ती आली कुठून?

तिने गोपालसरांना ओरडून बोलावलं. त्यांनी यादी पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते मोकळ्या टेबलाकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "कोणीतरी मस्करी करतंय." पाइपलाइन त्यांनी स्वतः बंद केली. नवा बदल हाताने साइटवर चढवला.

"आणि या बायका, सर?"

"पंधरा तारखेनंतर पाहू. बाहेर बोलशील तर उद्यापासून येऊ नको."

अरीबाने एक्केचाळीस नावं कागदावर उतरवली. बाप अंथरुणाला खिळलेला, धाकट्या बहिणीचं कॉलेज, घर तिच्या पगारावर. कागद पर्समध्ये राहिला. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. रोज ती फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची.

पंधरा तारीखही गेली.

सोळाला सकाळी तिला राहवलं नाही. गच्चीवर जाऊन तिने पहिला नंबर लावला. सुभद्राबाई, कौंडण्यपूर.

"हॅलो, मी अमरावतीहून..."

"अरीबाबाई ना?"

"तुम्ही मला कशा ओळखता?"

"बुधवारी दुपारी एका भाऊचा फोन आलता. म्हणे बाई, तुमचा अर्ज गेला नाई. मी म्हणलं, मंग आता कसं करू? तं म्हणे, आमची अरीबा फोन करन, ते सांगन तसा परत भरजा. लय चांगली पोरगी हाय, म्हणे."

अरीबाने फोन कानाशी घट्ट धरला.

"म्हून मी कुठंच गेली नाई, बाई. कापूस गेला तसा गेला, पण हे तरी मिळन म्हणलं. पाच दिस फोन उशाशी घेऊन बसली." बाई थांबली. "कालची तारीख होती ना वो? आता भरता येते का?"

साइट बंद झाली होती. अरीबाने खरं काय ते सांगितलं. पलीकडून शिवी आली नाही, रडणं आलं नाही. "बरं," एवढंच म्हणून बाईने फोन ठेवला.

तिने एक्केचाळीसही फोन केले. प्रत्येकीला बुधवारी फोन गेला होता. सगळ्या जणी तिची वाट पाहत थांबल्या होत्या.

विमा कंपनीला तिने तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं, साइटवर असे अर्जच नाहीत.

आता ती अकोल्यात एका शाळेत शिकवते. संगणक नाही, गणित. अनोळखी नंबर आला की फोन वाजून वाजून थांबेपर्यंत बघत बसते.

मी एकदा तिला विचारलं, "त्या भाऊने आपलं नाव सांगितलं होतं का?"

"मी एकीलाही विचारलं नाही," ती म्हणाली.