उतारावरचा जवस

"श्रावण, ब्रेक दाब! दाब ना रे!"

श्रावणने दाबला. पण जवसाच्या बोंडांवरून सायकल सुर्रकन घसरली आणि स्वारी थेट बाभळीच्या झुडपात!

"मेलो ना बाई!"

"मेला असता तं बोलला नसता," असं म्हणून कोकिळा सायकल किती घसरली ते पावलांनी मोजू लागली.

होळीच्या सुटीत बहीणभावांनी हा उद्योग मांडला, त्याला कारण होतं. काल समुद्रपूरची बस थांबा सोडून पार नाल्याच्या पुलापर्यंत घसरत गेली होती. त्या पुलाला कठडे नव्हते! आणि उतारावर गावातल्या बंडूजींनी जवस पसरला होता. बसच्या चाकांखाली मळणी फुकटात!

हळू चालवलेली सायकल कोरड्या सडकेवर दोन पावलांत थांबली. दुप्पट वेगात चार लागतील म्हणावं, तर लागली आठ! जवसावर तर वीस!

तेवढ्यात अवकाळी सर आली. कोकिळेने भिजलेला जवस हातात घेऊन पाहिला. तो बुळबुळीत झाला होता, आणि पाचच्या बसने आई येणार होती!

"बंडूजी, जवस उचला! बसनं आई येऊन राह्यली!"

"आता कुठी उचलू, पोरी? मी पुलाजवळ उभा राह्यतो. हात दाखवतो, थांबते बस!"

"इथं जवसावर ब्रेक दाबून काय फायदा? वरच थांबवाले पायजे!"

दोघं धापा टाकत उतार चढली. श्रावण वरच थांबला.

"आखीन पुढं! सडक वल्ली आहे, बस जोरात येते!" कोकिळेने त्याला पार वळणापर्यंत पळवलं.

बस आली! कडेला उभं राहून श्रावणने अंगातला सदरा काढून फडकवला. ब्रेक किंचाळले. बस घसरत, घसरत गेली आणि जवसाच्या चार हात अलीकडे थांबली.

"काऊन थांबवली बे?" ड्रायव्हर ओमप्रकाश तणतणत उतरला, चार पावलं गेला आणि जवसावर धपकन बसला! पोरांना हसू फुटणारच होतं. पण त्याची नजर खालच्या पुलाकडे गेली आणि तो तसाच उठून दोन पावलं मागे सरला.

बंडूजी झाडू घेऊन जवस लोटायला धावले. "पोट्टेहो, माह्या लोभापायी केवढा घात झाला असता! तुमचे लय उपकार!"

ओमप्रकाशने हात जोडले. "शाबास, पोट्टेहो! चाळीस जीव वाचवले तुमी."

कोकिळा मात्र बसमधून उतरलेल्या आईला घट्ट बिलगली होती. ती रडत रडत म्हणाली, "काका, सदरा दिसल्याबरोबर तुमी ब्रेक दाबला. म्हणून माही आई घरी आली."