चौथा पाय

"या खुर्चीला चौथा पाय बसवून द्याल?"

तो सुतार दचकलाच. रेसिफे शहरातलं आमचं नेहमीचं सुताराचं दुकान बंद, पावसाचा मारा तोंडावर, म्हणून मी दिसेल त्या दारात शिरले होते. मागे ओढत आणलेली खुर्ची, कडेवर चौदा महिन्यांची लुआना.

"चौथा पाय? सेन्योरा, ही दोना झुल्मीराची खुर्ची आहे!"

"सेन्योरा म्हणजे मेरीमाता, ती स्वर्गात असते. मी तायनारा. आणि ही खुर्ची माझ्या मुलीला घेऊन उलटेल."

"मी एवान्द्रो," तो हसला. दाढीतही खळी दिसत होती… देवा, मी काय बघत होते!

खुर्ची उलटी करून तो गुडघ्यांवर बसला, चर्चमध्ये बसतात तसा. "सत्तर वर्षांपूर्वी सगळं शहर हसलं होतं. तीन पायांवर चामड्याची झोळी, तीही एका बाईने केलेली! दोना झुल्मीरांनी वाद घातला नाही. नियम केला. खुर्ची जोडणाऱ्याने आपलं धाकटं मूल मांडीवर घेऊन तिच्यात डोलून दाखवायचं, मगच खाली नावं लिहायची."

चौकटीखाली पेन्सिलीची फिकट अक्षरं होती — 'जोआकिम. मांडीवर तोनिन्यो, अकरा महिने.'

त्याचं बोट तिथेच थबकलं. "जोआकिम आजोबा… आणि तोनिन्यो, माझे बाबा."

या खुर्चीत बसून मी लुआनाला पाजलं होतं, आणि खाली हे सगळं होतं…

"चामडं सैल झालंय, म्हणून कलते. ओढून देतो, चौथा पाय नको. पण मग पुन्हा डोलून बघायला हवं. आणि मला मूल नाही."

"बायको?" तोंडातून निसटलंच.

"तीही नाही. हे खुर्चीसाठी विचारलंत?"

"अर्थात!"

"वाटलंच," तो गालात हसला.

पट्टे आवळून झाले. त्याने हात पुढे केले. लुआनाचा बाप सोडून गेल्यापासून मी तिला कुणाच्याच हाती दिलं नव्हतं… कसं कोण जाणे, दिलं.

तो मागे रेलला, डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. मी दोन्ही हात पसरून उभी. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. लुआनाने त्याची दाढी ओढली आणि खिदळली. मी हात खाली घेतले.

त्याने लिहिलं — 'एवान्द्रो. मांडीवर लुआना, चौदा महिने.' मग पेन्सिल घुटमळली.

"आईचं नाव लिहायची… पद्धत नाही."

"दोना झुल्मीरा कुठे पद्धतीने वागल्या?" मी म्हणाले, आणि पेन्सिल त्याच्या हातातून काढून घेतली.