पेटीतली बाई

खडकेवाडीच्या दूध संस्थेत सकाळी सातला रांग लागते. दूध मापात ओतायचं, यंत्र फॅट काढेपर्यंत थांबायचं, आणि तेवढ्या वेळात भिंतीवरच्या पेटीपुढं उभं राहायचं, ही गावाची आता सवयच झाली आहे. पेटीच्या खोबणीत बोट घालायचं, नळीत एक लांब श्वास सोडायचा आणि पेटी विचारील त्याचं उत्तर द्यायचं. तीन वर्षांपूर्वी कोंडतापाची साथ आली तेव्हा ही पेटी गावोगाव लागली. माणसं श्वास कोंडून मरत होती आणि डॉक्टर पुरत नव्हते. पेटीनं बोटातून प्राणवायू मोजायचा, श्वासावरून छाती तपासायची, माणसाचं बोलणं समजून घ्यायचं आणि कुणाला न्यायला गाडी पाठवायची ते आपलं आपण ठरवायचं, अशी ती योजना होती. साथ ओसरली, पेटी राहिली. गावानं तिला ‘पेटीतली बाई’ असं नाव पाडलं आणि गुडघेदुखीपासून सुनेच्या कागाळ्यांपर्यंत सगळं तिला सांगायला सुरुवात केली.

त्या सकाळी हेमांगी पत्की कोल्हापूरहून पहिल्या एसटीनं येऊन रांगेपाशी उभी राहिली. "आक्काताई चौगुल्यांचं घर कुठं आहे हो?" एवढंच तिनं विचारलं, आणि अख्खी रांग मागं वळली. एका म्हातारीनं आधी पेटीकडं पाहिलं, मग हिच्याकडं.

"तूच व्हय ती," म्हातारी म्हणाली. "मला वाटलं हुतं, जरा अंगानं भरल्याली असशील."

सगळे हसले. हेमांगीही हसली, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. पेटीचा आवाज तिचाच होता. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत ती मराठीची जाणकार म्हणून लागली होती. पेटीला भाषा शिकवायचं काम तिचं, आणि आवाज गोड म्हणून तोही तिचाच घेतला. साडेचारशे गावांत आपण बोलतो, हे ती कार्यक्रमांतून मान वेळावून सांगायची. ओळखणारं माणूस मात्र तिला आज पहिल्यांदा भेटलं.

काम तसं साधं होतं. साथीतल्या नोंदींवर संस्थेचा मोठा शोधनिबंध निघायचा होता, आणि दगावलेल्यांच्या नोंदी वापरायला घरच्यांची सही लागत होती. बाकी सगळ्या सह्या आल्या होत्या. आक्काताई चौगुले, वय त्रेसष्ट, यांचा कागद तेवढा दोनदा कोराच परत आला होता. "तू जा," संस्थेचे प्रमुख डॉ. सोहोनी म्हणाले होते. "तुझ्या गोड बोलण्याला कोण नाही म्हणणार?"

दारात आक्काताईंची सून भेटली, वैजयंता. चाळिशीची, हात शेणानं भरलेले. तिनं हात धुतले, घोंगडं टाकलं आणि म्हणाली, "बसा. च्या ठेवतो." त्या भागातल्या बाया स्वतःविषयी ‘ठेवतो, करतो’ असंच बोलतात. पेटीला आधी ते कळत नव्हतं, ती बायांना पुरुष समजायची. हेमांगीनं महिनाभर खपून तेवढं दुरुस्त केलं होतं, आणि त्याबद्दल तिचं कौतुकही झालं होतं.

"मालकांची सही लागेल," हेमांगी म्हणाली.

"मालक हितं ऱ्हात न्हाईत. थोरल्या भावाकडं असत्यात, इचलकरंजीला." वैजयंतानं चहाचा कप पुढं केला. "आत्ती गेल्यापास्नं." आत्ती म्हणजे तिच्या सासूबाई.

मग ती आत जाऊन एक कागद घेऊन आली. त्या वेळी पेटीकडून घरी आलेला संदेश कुणीतरी छापून दिला होता. ‘रुग्णाने वाहन नाकारले’ एवढीच त्यावर ओळ होती.

"आत्ती पेटीवर जाऊन आली," वैजयंता सांगू लागली, "आणि म्हणाली, बाई गाडी धाडंल बग. लुगडं बदलून, पिशवी भरून कट्ट्यावर बसली. गाडी काय आली न्हाई. आमी फोन लावला, लागंना. सकाळी शेजारच्याच्या टेम्पोत घालून न्हेली तर नदीच्या पुलावरच गेली. मागनं ह्यो कागद आला. आता सांगा, कागद खरा का मी खरी?"

"लोक काय म्हणतात?"

"काय म्हणणार? सुनंनंच नको म्हणायला लावलं. गाडी आली तर साथीपायी घरातल्या सगळ्यांस्नी कोंडून घालतील म्हणून भ्याली. नणंद माझ्या हातचं पाणी पीत न्हाई. मालक भांडले न्हाईत, भांडले असते तर बरं झालं असतं. गपचिप कापडं भरली आणि गेले." तिनं कागद हेमांगीपुढं सरकवला. "एक करा. आत्ती पेटीला काय म्हणाली ते ऐकवा. मग सही देतो, त्येंची पण आणून देतो."

नातेवाइकांना नोंद ऐकता येते, तसा नियमच आहे. आजवर कुणी मागितलं नव्हतं, कारण तसा नियम आहे हे कुणाला सांगितलंच नव्हतं. हेमांगीच्या हिशेबी यात अडचण काहीच नव्हती. म्हातारीनं नको म्हटलं असेल, सुनेला ते पटेल, रडेल, सही करील. तिनं पिशवीतून टॅब काढला आणि नोंद लावली.

आधी आला तो तिचाच आवाज, स्वच्छ आणि प्रेमळ. "तुमचा प्राणवायू कमी झालाय. दवाखान्यात न्यायला गाडी पाठवू, की तुम्ही स्वतः याल?"

मग धाप. मग आक्काताई. "मला काय कळतंय बाई. तू शिकल्याली, तुला बरं वाटंल ते कर." पुन्हा धाप. पदर सावरल्याची खसखस. "बरं. येतो."

"ठीक आहे," पेटी म्हणाली. "काळजी घ्या."

वैजयंतानं टॅबकडं बोट केलं. "ह्यात नको कुटं म्हणाली?"

"‘येतो’ म्हणाल्या ना. म्हणजे स्वतः येणार. मग गाडी दुसऱ्या रुग्णाला जाते, आणि नोंद होते ती..." हेमांगीची नजर कागदावरच्या ‘वाहन नाकारले’वर गेली.

"आवं, ती घराकडं निघाली हुती," वैजयंता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, समजूत घातल्यासारखा होता. "निघताना ‘जातो’ म्हणतंय व्हय कोण?"

काल घरून निघताना हेमांगी स्वतः आईला ‘येते गं’ म्हणाली होती. जन्मापासून रोज म्हणत आली होती. निघताना ‘जाते’ म्हटलं तर आई अजूनही उंबऱ्यातून मागं बोलावते.

चूक कशी झाली ते तिला बसल्या जागी लख्ख दिसलं. पेटीला भाषा शिकवायला संस्थेनं टेलिफोनवरच्या मदतकेंद्राची हजारो संभाषणं घेतली होती. फोनवर निरोप घेताना माणूस ‘येतो’ म्हणत नाही, ‘ठेवतो’ म्हणतो. त्यामुळं त्या संभाषणांत जिथं जिथं ‘येतो’ होतं, तिथं माणूस खरोखरच येणार होता. हेमांगीनं नियम लिहिला: येतो, येते, येऊ म्हणजे स्वतः येणार. पडताळणीही त्याच फोनच्या बोलण्यावर केली आणि उत्तर अठ्ठ्याण्णव टक्के बरोबर आलं, पेढे वाटले गेले. पण पेटीपुढं माणसं चालत येणार होती आणि चालत परत जाणार होती. यंत्राचाही रीतीनं निरोप घेणारी माणसं होती ती. मराठीची जाणकार म्हणून जिला घेतलं, तिच्या हे डोक्यात आलं नाही. एखाद्या परप्रांतीयाकडून हे झालं असतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं, हिला तर तेवढीही सबब नव्हती.

ती अंगणात गेली आणि तिनं डॉ. सोहोनींना फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण हे बघ, पुढच्या आवृत्तीत तो शब्द दुरुस्त करून टाकू. आत्ता तिथं काही बोलू नकोस. पुढच्या महिन्यात आणखी नऊ जिल्ह्यांत पेट्या लागतायत, लोकांचा विश्वास उडाला तर उद्या त्यातच माणसं मरतील. सही घे आणि ये."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. हेमांगीला क्षणभर चक्क हायसं वाटलं. कुणीतरी वरचा माणूस ‘बोलू नकोस’ म्हणाला होता, आता आपल्याला काही करायचं नव्हतं. आणि हायसं वाटलं हे लक्षात येताच तिला स्वतःची अशी किळस आली की तिनं फोन बंदच करून टाकला.

आत येऊन तिनं मान खाली घालून सांगितलं, "चूक पेटीची नाही. माझी आहे. तो नियम मी लिहिला. तुमच्या सासूबाईंनी गाडी नाकारली नव्हती, तुम्हीही नव्हती. तुमच्या मालकांना, नणंदेला मी पत्र पाठवते. संस्थेच्या शिक्क्याचं."

वैजयंता रडली नाही. तिनं पदरानं कपाळ पुसलं. "कागुद नको मला. कागदानंच माझं वाटोळं केलंय. गाव तुमच्या आवाजाला मानतंय. त्याच आवाजानं सांगा. दुधाची रांग अजून मोडली नसंल."

"आत्ता?"

"तीन वर्सं मी त्या रांगंत मान खाली घालून उभा ऱ्हातो. तुमी एक डाव ऱ्हावा."

दोघी दूध संस्थेकडं गेल्या. वैजयंताला त्या बाईबरोबर येताना पाहून बोलणी थांबली. हेमांगी पेटीशेजारी उभी राहिली. शरमेनं तिचे कान तापले होते, आणि मघाशी ओळख पटली म्हणून आपल्याला आनंद झाला होता, हे आठवून ते आणखीच तापले. तिनं सांगितलं. अवघड शब्द एकही वापरला नाही. आक्काताई काय म्हणाल्या, पेटी काय समजली, पेटीला तसं समजायला कुणी शिकवलं, आणि गाडी का आली नाही. "वैजयंताताईंचा यात काही दोष नाही," ती म्हणाली. "दोष माझा आहे."

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर तिला सोपं गेलं असतं. मघाची म्हातारी वैजयंताजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मग रांगेतून बापू मगदूम पुढं आला. पन्नाशीचा, धिप्पाड गडी. हातातली किटली त्यानं खाली ठेवली, खिशातून मोबाइल काढला आणि जुना संदेश शोधायला लागला. संदेश सापडल्यावर त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला. ‘रुग्णाने वाहन नाकारले.’ खाली नाव होतं, शिवाजी मगदूम, वय एकोणचाळीस. मागं उभ्या असलेल्या आणखी दोघा-तिघांचे हात खिशाकडं गेले होते.

"माझा धाकला भाऊ," बापू म्हणाला. "लई हट्टी, म्हणून गाडी नको म्हणाला आसंल, आसं आमी धरून चाललो. मी त्याला मेल्यावरबी शिव्या घातल्या." तो पेटीकडं बघत नव्हता, हेमांगीकडं बघत होता. "बाई, त्यो तुमास्नी काय म्हणाला हुता?"