निरंक टोला

पिपरटोल्याच्या वस्तीत नेटवर्क नव्हतं, म्हणून रुख्मा दर सोमवारी टॅबलेट पिशवीत घालून उपकेंद्र गाठायची. ती टोल्याची आशाताई. कुणाला ताप आला, कुणाचं रक्त तपासलं, हे टॅबलेटात तिनं भरायचं आणि जिल्ह्याच्या संगणकाला धाडायचं नर्स रुचिकानं. रुख्माचा पासवर्डही रुचिकाला तोंडपाठ. दोघी एका डब्यात जेवणाऱ्या, त्यात लपवायचं काय?

त्या सोमवारी मात्र रुख्माचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारचा म्हातारा बकाराम तापानं फणफणला होता, आणि घरी तिची स्वतःची लेक टीना. दोघांनाही मलेरिया निघाला होता. पोरीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून ती निघाली होती. नोंद पोचली की दवाखान्याची गाडी येईल, एवढीच तिला आस.

"बस, मी पाठवतो," म्हणत रुचिकानं टॅबलेट घेतला. तिचं बोट भराभर फिरलं. रुख्मानं सहज डोकावून पाहिलं.

तापाचे रुग्ण : निरंक. म्हणजे एकही नाही.

"हे काय ताई... माही टीना हाये न त्यात!"

"हळू बोल." रुचिकानं दाराकडे पाहिलं. "आपला भाग मलेरियामुक्त जाहीर होऊन राहिला. वरून सांगतलं, एकबी केस नाही पाहिजे. गोळ्या देतो न मी तुले."

"गोळी ओकून टाकते थे पोरगी. गाडी पाहिजे..."

"निरंक गेलं आता. निरंक टोल्यात गाडी कायले येईल?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. वैऱ्यानं केलं असतं तर रुख्मानं चार शिव्या हासडल्या असत्या. ही तर एका डब्यात जेवणारी. गोळ्या मुठीत घेऊन ती निघाली.

टोल्यात शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. सकाळी बकारामच्या कण्हण्यानं भरलेली ओसरी आता सामसूम होती. खाट भिंतीशी उभी. त्याची बायको शकुंतलाबाई तांदूळ पाखडत बसली होती.

"काकी, काकाजी कुठी गेले?"

"कोन काकाजी?"

"बकाराम काकाजी... तुमचा मानूस."

सूप थांबलं. शकुंतलाबाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं, गळ्यात काळी पोत नव्हती. "मी तं एकटीच राहतो बाई. पहिलेपासून."

रुख्मा पळत सुटली. घरात तिचा नवरा शालीकराम निवांत जेवत होता. टीनाची खाट रिकामी. दोरीवर तिचा एक फ्रॉकसुद्धा नाही.

"टीना कुठी हाय?"

"कोन टीना?" तो हसला. "सपन पाहून राहिली का? आपल्याले लेकरू कुठी हाय..."

खाटेवर फडकं तेवढं होतं. अजून ओलं, आणि हाताला चटका बसावा इतकं गरम. रुख्मानं ते छातीशी धरलं. लेकीच्या नावानं ती टाहो फोडणार, तोच अंगात हुडहुडी भरली, दात वाजू लागले. नकळत तिनं फडकं स्वतःच्या कपाळाला लावलं.

ते गार लागलं.

शालीकरामचा घास हातातच राहिला. "काऊन वं... ताप आला का तुले?"

"नाही," रुख्मा रिकाम्या खाटेकडे पाहत घाईघाईनं म्हणाली. "मले काहीच नाही..."