नाल्याकाठचा प्लॉट

दोष जगदेवचा. मेलेल्यांचा नाही, मशीनचाही नाही. वडीलधाऱ्यांना नावं ठेवू नये म्हणतात; मी ठेवतो. लाइट गेलीच आहे, तर ऐका. हरीओम माझ्या ओळखीचा. त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

मंगरूळपीरच्या रस्त्याला त्याच्या बापाची, जगदेवची, नाल्याकाठी पडीक जमीन. गावातली तान्ही लेकरं दगावली की तिथेच पुरायचे. वर दगड, दगडावर बाभळीचे काटे, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. जगदेवनं जेसीबी लावला, चुन्याच्या रेघा मारल्या आणि प्लॉट विकायला काढले. जाहिरातीला आकाशातून व्हिडिओ हवा होता. बाहेरचा माणूस कशाला? पोरगा लग्नाकार्यात ड्रोन उडवतोच की.

पण हरीओमचीही मुलगी त्याच मातीत होती. बारशाआधीच गेलेली.

पौषातली अमावास्या होती. दिवस कलताना हरीओम निघाला, तेव्हा त्याच्या बायकोनं, वैजयंतीनं, दारातच बाही धरली. सासऱ्याला ती मामाजी म्हणे.

"मामाजी म्हणतात, आपला दगड तसाच हाय. मले तिकडं जाऊ देत नाहीत. तुमाले वरून दिसन. तेवढं पाहून या."

"पाहतो."

"नुसतं पाहतो नका म्हणू. पाहा."

जगदेव टोपी सावरत प्लॉटवर उभाच होता. "लग्नात नवरीले गोरी करतं ना, तशी जमीन गोरी कर. एक काटा दिसता कामा नये."

ड्रोन वर गेला. हरीओमनं रिमोटला लावलेल्या मोबाइलवर पाहिलं. रेघा. झेंडे. नाला. दगड नाही.

"बाबा, दगड कुठी हाय?"

"असन तिकडं."

"तिकडं कुठी?"

"अबे, जेसीबीवाल्याले सांगतलं होतं म्या. ढकलला असन त्यानं. दगडच होता ना, माणूस होता का?"

 हरीओमनं ड्रोन खाली आणला. अजून खाली. तेव्हा त्या दिसल्या.

सावल्या. ओंजळीएवढ्या. चुन्याच्या चौकोना-चौकोनात, आडव्या.

त्यानं मान वर करून प्लॉटकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मोबाइलमध्ये पाहिलं. होत्या.

सूर्य बुडाला. जगदेवची सावली गेली. हरीओमची गेली. त्या राहिल्या.

"बाबा... हे पाहा."

जगदेवनं पाहिलं.  मग म्हणाला, "एडिटिंगमधी काढून टाक."

अंधार पडला. बॅटरी संपत आली. हरीओमनं परतीचं बटण दाबलं. ते दाबलं की ड्रोन जिथून उडाला तिथेच येऊन उतरतो. आला नाही. नाल्याकडे गेला. थांबला. हळूहळू उतरला... कुणी कडेवरून खाली ठेवावं तसा. लाल दिवा विझला.

हरीओम ढेकळांतून धावला. "बेटा... बेटा..." तिला नावच नव्हतं. दुसरं काय म्हणणार?

मोबाइलच्या उजेडात दिसलं, शेवटच्या प्लॉटवर ड्रोन नीट बसलेला होता. त्याच्या पायाला काळा करदोडा. तान्ह्या कमरेचा. एक मणी, आणि वैजयंती मारायची तीच दुहेरी गाठ. मातीचा कणही नाही. हातात घेतला तर...

कोमट.

"फेक तो कचरा," बाप लांबूनच म्हणाला. जवळ आला नाही.

घरी वैजयंतीनं करदोडा मुठीत धरला. कुठून आला, विचारलं नाही.

"दगड दिसला?"

हरीओमनं नकारार्थी मान हलवली.

"मामाजीले बोलले काही?"

तेही नाही.

"ज्या घरात लेकराले जागा नाही, तिथं मी कायले राहू?"

सकाळच्या एसटीनं ती रिठदला माहेरी गेली. मूठ तशीच बंद होती.

व्हिडिओ स्वच्छ निघाला, सावली एकही नाही. प्लॉट विकले गेले, नाल्याकाठचाही. हरीओमची बायको परत आली नाही.