मामाच्या मिलिटरी ट्रकचा हरवलेला नंबर

"संध्याकाळी भंगारवाला येतोय. गॅस कटर घेऊन," येसाजीमामा म्हणाला आणि ओट्यावर आडवाच झाला.

"काय?" रिया किंचाळली. "मामा, आपला ट्रक कापणार?"

"ओरडू नको गं. दमलोय मी."

सगळेच दमले होते म्हणा! मे महिन्याच्या उकाड्यात कडाव गावात दुसरं काय व्हायचं? पंखासुद्धा नाइलाजानं फिरत होता. रिया आणि तिचा धाकटा भाऊ साईराज सुट्टीत मामाकडे मजा करायला आले होते, आणि इथं तर रोज तेच रडगाणं.

मामानं लष्कराच्या लिलावातून हा जुना ट्रक आणला, तेव्हा अख्खं गाव बघायला लोटलं होतं. काय ते टायर! चारही चाकांना इंजिनाचा जोर! डोंगरावरच्या वाडीत साधा टँकर चढत नाही, पण हा गडी नक्की चढला असता. मागे पाण्याची टाकी बसवायची आणि उन्हाळाभर वाडीला पाणी पोचवायचं, असा मामाचा बेत होता. लष्कराचा हिरवा रंग बाहेर चालत नाही, म्हणून गावातल्या हिरू पेंटरकडून त्यानं ट्रक छान निळा करून घेतला.

आणि तिथंच घोडं अडलं. नोंदणीवाले म्हणाले, आधी विमा आणा. विमावाले म्हणाले, आधी चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला नंबर दाखवा, लिलावाच्या कागदाशी जुळवू, मग विमा. आणि तो नंबरच सापडेना! ऋषिकेश नावाच्या विमा एजंटानं इस्त्रीच्या पँटीला माती लागेल म्हणून उभ्याउभ्याच ट्रककडे पाहिलं. "नंबर कुणीतरी घासून काढलाय. चोरीची भानगड दिसते," असं सांगून तो मोकळा झाला. बिचारा मामा मात्र ट्रकखाली लोळून लोळून काळा झाला. शेवटी त्यानं हात टेकले.

"मंग आमचं काय?"

दारात वाडीतली रुचिता उभी होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. आश्रमशाळेला सुट्टी लागल्यापासून ती आजीबरोबर रोज खालून पाणी वाहत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मामानं तोंड भिंतीकडे केलं.

"चल गं, तुला थोडं पोचवते," रिया म्हणाली आणि तिनं कळशी स्वतःकडे घेतली. साईराजही मागोमाग निघाला. गावाबाहेरच्या कोरड्या टाकीपर्यंत जाईस्तोवर तिचा खांदा भरून आला. "बाई गं! तू रोज एवढं चढतेस?"

"मी नाय, आजी जास्त चढती. तिचे गुडगे सुजल्यात. ट्रक येनार म्हनून दिस मोजती ती."

तिघंही टाकीच्या सावलीत फतकल मारून बसली. साईराज भिंतीला टेकला, आणि एकदम वळून बघायला लागला.

"ताई, इथला दगड कुठं गेला? टाकी बांधली त्याचं नाव-गाव कोरलेला? गेल्या सुट्टीत मी त्यातल्या अक्षरांवरून बोट फिरवायचो!"

"दगड हाय की," रुचिता म्हणाली. "औंदा टाकी रंगवली ना हिरूकाकानं. अक्षरात लांबी भरली, ती पांढरी पुट्टी, आन् वरून रंग मारला. खड्डा दिसला की बुजवायचा, असा हात हाय त्याचा!"

रिया ताडकन उभी राहिली.

"अगं, ठोकलेला नंबर म्हणजे तरी काय? लोखंडातले खड्डेच ना!"

दमणं-बिमणं कुठल्या कुठं गेलं! हंडा-कळशी झाकून ठेवून तिघंही उलट पावली धावली.

अंगणात पोचली, तर भंगारवाला ऊन उतरायच्या आधीच हजर! त्याचा माणूस कटरची नळी जोडत होता.

"साई, अडव त्यांना!" रिया ओरडली.

साईराज सरसर बॉनेटवर चढला आणि मांडी घालून बसला. "आधी मला कापा!"

"ए पोरा, उतर खाली! कामाचा खोळंबा करू नको!"

"नाही उतरत! पाय दुखतायत माझे!"

तोवर दोघी मुली चाकामागे शिरल्या. सगळी चासी जुनी, खडबडीत, आणि उजव्या बाजूला वीतभर जागा मात्र आरशासारखी गुळगुळीत! रुचितानं मामाच्या अवजारांतला पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागली. ती दमली की रिया, रिया दमली की ती. पांढरी भुकटी डोळ्यांत जात होती. हात भरून आले होते.

"आला! एक आकडा आला!"

मामा धडपडत उठला. लिलावाचा कागद घेऊन तोही आत सरपटला. रियानं कोरा कागद लोखंडावर धरून वरून पेन्सिल फिरवली. एकेक आकडा कागदावर उमटला आणि मामा पुटपुटत जुळवत गेला.

"सगळा जुळला गं!" तो खालूनच ओरडला. "देवा! मी हा ट्रक कापायला निघालो होतो!"

भंगारवाला चडफडत गेला. हिरू पेंटर आला आणि डोकं खाजवत उभा राहिला. "आवो, मला वाटलं दगड लागून खड्डे पडल्यात! काम सफाईचं नको का?" ऋषिकेशला मामानं बोलावून घेतलं आणि इस्त्रीच्या पँटीसकट ट्रकखाली झोपवून पेन्सिलचा ठसा पुन्हा घ्यायला लावला. पोरं हसून हसून बेजार झाली!

पुढं विमा झाला, नोंदणीच्या साहेबांनी ट्रक तपासला, नोंदणी झाली. आणि एका सकाळी निळा ट्रक पाणी घेऊन गुरगुरत वाडीत चढला! सगळी वाडी धावत आली. मामानं तिघांना पुढं केलं. "हे पाणी माझं नाही. ह्या पोरांनी आणलंय. मोठ्यांनी हात टेकले तिथं ही तिघं राबली!"

रुचिताच्या आजीनं, अंबूबाईनं, तिघांच्या तोंडावरून हात फिरवला. "गुणाची गं माझी लेकरं!"

भरलेले हंडे घरात गेले. अंबूबाई उंबऱ्यावर बसली, सुजलेले पाय तिनं लांब केले आणि बराच वेळ नुसतीच खालच्या वाटेकडे बघत राहिली.

"आजी, काय झालं गं?" रुचितानं विचारलं.

"काय नाय गं. पानी आलं घरात. आता दुपारच्याला काय करायचं, त्येच सुचत नाय."

"झोप की!"

"झोपू?" अंबूबाईनं विचारलं, आणि तिथंच उंबऱ्याला डोकं टेकून तिनं डोळे मिटले.