आपलीच मंडळी

चिंचवड स्टेशनासमोरच्या एस.टी. थांब्यावर त्या सकाळी जो उजेड पडला होता, त्यात कौतुक करावे असे काहीही नव्हते. डिसेंबरातला, सातच्या सुमाराचा, कुठल्याही वारी पडतो तसलाच तो उजेड. आधी तो पुलाच्या कठड्यावर आला. तिथून चहाच्या टपरीच्या पत्र्यावर उतरला आणि पत्र्याच्या वळ्यांत थोडा वेळ रेंगाळला. मग रात्रपाळी करून परतणाऱ्या कामगारांच्या खांद्यांवर, त्यांच्या हातातल्या रिकाम्या डब्यांवर, डब्यांच्या कड्यांवर. एका कड्यावर तर तो इतका नेमका टेकला होता, की कुणी तिथे मुद्दाम ठेवून दिला असावा. मग खाली धुळीत. आमच्याकडच्या धुळीत लोखंडाचा बारीक चुरा असतो, म्हणून ती उन्हात किंचित चमकते. एवढेच. मी त्या उजेडाकडे फार वेळ पाहत राहिलो, कारण मला खिशातल्या यादीकडे पाहायचे नव्हते. आणि मला राग आलेला होता. कशाचा, हे स्वतःला विचारण्याची मुभा मी स्वतःला दिली नव्हती.

यादी चाळीस कुटुंबांची होती. भोसरीतल्या आमच्या स्प्रिंगांच्या कारखान्याला त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, दहा वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त कामगारांना सहकुटुंब दोन दिवसांच्या सहलीला न्यायचे ठरले होते, तळेगावच्या पुढच्या नंदनविहारात. तळ्याकाठचे ते उद्यान नुकतेच सुरू झाले होते. आकाशपाळणा, पोरांची आगगाडी, आरसेमहाल, होड्या. मुक्कामाच्या जागा दोन : उद्यानाच्या आत तंबू, किंवा फाटकाबाहेरची दगडी धर्मशाळा. मागच्या आठवड्यात मी एकटाच जाऊन दोन्ही पाहून आलो होतो आणि धर्मशाळा बरी, असे सहल समितीला सांगून मोकळा झालो होतो. आज समितीचे अध्यक्ष मारुतराव येऊन ते पक्के करणार होते.

“मोहिते तुम्हीच ना?”

मी वळलो. निळी सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी मोजपट्टी.

“मारुतरावांची कंबर धरलीय. त्यांच्या जागी मी आलेय. चालेल ना? का परत जाऊ?”

“नाही... म्हणजे, चालेल.”

“बापरे. तीन शब्द बोललात.”

त्या यशोधरा ओव्हाळ होत्या. ड्रॉइंग विभागात आराखडे गिरवणाऱ्या ट्रेसर. समितीत कामगारांच्या घरच्यांची बाजू मांडायला त्यांना घेतले होते. वडील भीमराज आमच्याच कारखान्यात प्रेसवर. वर्षभर मी त्यांना काचेच्या दारापलीकडून पाहत होतो, वाकलेली मान, कानामागे खोचलेली पेन्सिल. इतक्या जवळून कधीच नाही.

गाडी आली. खिडकीची जागा त्यांनी घेतली.

“सूचनाफलक तुम्हीच लिहिता ना? ‘उशिरा येणाऱ्यांची गय केली जाणार नाही.’ इतक्या सुरेख अक्षरात दम मी पहिल्यांदाच वाचला. उशीर झाला तरी मी थांबून वाचते.”

“मजकूर साहेबांचा असतो.”

“आणि तुमचं काय असतं? नुसती वेलांटी?”

मला हसू यायला हवे होते. आले नाही. देहूरोड मागे पडले. त्या एकाएकी गंभीर झाल्या.

“माझी आई येणार आहे सहलीला. ती मुक्कामाला कुठंच जात नाही, ठाऊकाय? मी शाळेत असताना एका लग्नाला गेलो होतो. गावातल्या एका ठिकाणी उतरलो, अंथरुणं घातली, धाकटा झोपलासुद्धा. मग मालकानं नाव विचारलं... आणि उठवलं. तेव्हा आईनं वळकटी बांधली ती बांधलीच. स्वतःच्या माहेरीसुद्धा राहत नाही. आता वडील निवृत्त व्हायला आले, त्यांची हौस, सगळ्यांनी मिळून आकाशपाळण्यात बसायचं. मी आईला शब्द दिलाय, तिथं कुणी काही विचारणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “जागा तुम्ही निवडलीय. म्हणून सांगतेय.”

त्या क्षणी काही बोलता आले असते. मी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर नुसता उजेड होता.

नंदनविहाराचे व्यवस्थापक रंगराव लोकरीची टोपी कानांवर ओढून आम्हाला तंबू दाखवायला आले. “दव पडतं बरं का. सकाळी पांघरुणं ओली लागतात. अन् तो पाळणा करकरतो. नंतर तक्रार नको.”

यशोधराबाईंनी मोजपट्टीचे एक टोक माझ्या हाती दिले. “धरा नीट. ओढू नका... अहो, सोडूही नका!” पट्टी आमच्यामध्ये ताणली गेली. “बारा फूट. सहा माणसं झोपतील. तुम्ही हे मोजलं होतं?”

“अंदाजे.”

“अंदाजे!” त्या हसल्या आणि पट्टी गुंडाळत गुंडाळत माझ्या बोटांपर्यंत आल्या. पट्टी संपली, तरी त्या क्षणभर तिथेच होत्या. “सोडा आता.”

आरसेमहालात एका आरशात मी ताडासारखा उंच दिसत होतो. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या बुटक्या आणि गोल.

“बघा, इथं तरी कुणाला तरी तुमची भीती वाटेल.”

“तुम्हाला वाटत नाही?”

“मला? फळ्यावरच्या मोहित्यांची वाटते थोडी. या मोहित्यांची नाही.” मग हळूच, आरशातल्या माझ्याकडे पाहत, “या मोहित्यांशी बोलावंसं वाटतं. पण ते बोलतील तेव्हा ना...”

माझ्या आयुष्यात कुणी मला इतके सुंदर काही म्हटले नव्हते. आणि त्याच वेळी माझा राग वाढत होता, कारण आता फाटकाबाहेर जायचे होते.

धर्मशाळा खरोखर चांगली होती. फरसबंद अंगण, रुंद ओसरी, विहीर काठोकाठ. रखवालदार दत्तोबा माझ्याकडे पाहून उठला.

“या सायेब. समद्या खोल्या झाडून ठेवल्यात. मागं इचारलं हुतं, तसं... मंडळी समदी आपलीच हाय ना?” मग त्याने यशोधराबाईंकडे पाहिले आणि तोंडभर हसला. “आन् ही आपली मंडळी व्हय? जोडा झ्याक हाय.”

सोबतच्या माणसांनाही मंडळी म्हणतात आणि बायकोलाही. एरवी मी लाजेने मेलो असतो. पण यशोधराबाई लाजल्या नाहीत. त्या त्याच्या पहिल्या ‘मंडळी’पाशीच थांबल्या होत्या.

“आपली म्हणजे?”

“म्हंजे... आपली, ताई. हिरीचं पानी हाय ना. ट्रस्टी मंडळी इचारत्यात. यादी द्या, नावं बघून खोल्या देतो.”

त्यांनी हात पुढे केला, दत्तोबापुढे नव्हे, माझ्यापुढे. मी यादी दिली. त्यांनी ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एकेक नाव, ओसरीवर ठेवावे तसे. सतराव्या नावापाशी त्या थांबल्या.

“भीमराज केरू ओव्हाळ. बायको सोजरबाई. बहीण गिरजाबाई. मुलगी यशोधरा, ती मी. मुलगा एक. द्या खोली.”

दत्तोबाचे हसू मावळले. “माजं काय न्हाई, ताई. म्या नोकर मानूस...”

“तुमचं काही नाहीच.” त्या माझ्याकडे वळल्या. “मागच्या आठवड्यात यांनी विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलंत?”

“मी... हो म्हणालो.”

“हो म्हणालात.”

आम्ही रस्त्यावर आलो. त्या भराभर चालत होत्या.

“आपली म्हणजे कोणाची, मोहिते?”

“मला वाटलं... आपल्या कंपनीची, असं विचारतोय.”

“वाटलं?”

“मला खरंच कळलं नाही.”

त्या थांबल्या. संतापाने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्या संतापातही त्या माझ्या डोळ्यांत काहीतरी शोधत होत्या.

“माझी आई वळकटी घेऊन त्या ओसरीवर उभी राहिली असती. चाळीस घरांसमोर. तुमच्या सुरेख अक्षरातली यादी त्या माणसाच्या हातात... आणि तुम्हाला कळलं नाही!”

“चूक झाली.”

“कळलं नाही याचा राग करता येत नाही, हाच माझा राग आहे,” त्या म्हणाल्या. परतीच्या गाडीत त्यांनी खिडकीची जागा मला दिली आणि स्वतः तीन बाके पुढे जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी फलकावर सूचना लावली : ‘धर्मशाळेत पाण्याची गैरसोय असल्याने मुक्काम उद्यानातील तंबूंत होईल. हुकमावरून.’ जेवणाच्या सुट्टीत टाचणी उपटल्याचा आवाज झाला. कागद माझ्या टेबलावर पडला.

“विहीर काठोकाठ होती, मोहिते. मी पाहिली.”

“कारण काहीतरी द्यावं लागतं.”

“खरं का नाही?”

“उगीच बोभाटा...”

“कोणाचा बोभाटा? आमचा तर रोजच असतो. या वेळी त्यांचा होऊ दे.” आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “तुमचं अक्षर मला आवडतं, म्हणून सांगते. त्यात खोटं लिहू नका. पाहवत नाही.”

त्या गेल्या. मी दौत पुढे ओढली. राग होता, पण आता त्याला तोंड फुटले होते. मी नवा कागद घेतला आणि लिहिले : ‘सदर धर्मशाळेत उतरणाऱ्यांची जात विचारली जाते. आपण तेथे उतरणार नाही. मुक्काम तंबूंत होईल.’ ‘हुकमावरून’ लिहायला गेलो आणि थांबलो. कुणाचा हुकूम? त्या जागी मी माझे पूर्ण नाव लिहिले : ज्योतीराम दाजी मोहिते.

मारुतराव कंबरेला हात लावून तरातरा आले. “अरे राव, हे काय लिहून ठेवलंस? चांगली सहल होती, तिच्यात काडी कशाला? काढ ते.”

“काढणार नाही.”

“मॅनेजर विचारतील! अन् पाच घरं तरी गळतील!”

“विचारू दे. खाली माझं नाव आहे.” माझा आवाज इतका वर गेला, की टाइमकीपरने खिडकीतून डोके काढले. वर्षभर न बोललेले सगळे त्या चार शब्दांत होते. “पाच घरं गळतील म्हणता? गळू देत. बाकीची येतील.”

सहा गळली. चौतीस आली.

जानेवारीतल्या त्या सहलीत यशोधराबाई माझ्याशी बोलल्या त्या फक्त कामापुरत्या : चादरी किती, कंदील कुठे. पण पहिल्या दिवशी चहा देताना त्यांनी माझ्या कपाला बशी लावली आणि इतर कुणाच्याही नाही. भीमराज मला “मास्तर” म्हणू लागले. फलक लिहिणारा तो मास्तर. गिरजाबाई आरसेमहालात तीनदा गेल्या आणि तिन्ही वेळा स्वतःला ओळखले नाही, असे पदराआड हसत सांगत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगरावांनी पाळणा सुरू केला. पहिल्या फेरीला भीमराजांचे सगळे घर बसले. उतरल्यावर यशोधराबाई तिथेच थांबल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “एकटीला बसू देत नाहीत. याल?”

आम्ही वर गेलो. माणसे भरण्यासाठी पाळणा थांबला, तेव्हा आमची बैठक अगदी शेंड्यावर होती. खाली तंबू, तळे, आणि तोच साधा उजेड, आता दवावर पडलेला. एका तंबूपुढे सोजरबाई चादरीच्या घड्या करत होत्या.

“पाहिलंत? वळकटी काल आईनं स्वतः सोडली. मला सोडू दिली नाही.” त्या लोखंडी दांडीवर बोट फिरवत होत्या. “रात्रभर पाळण्याचा पट्टा वाऱ्यानं वाजत होता, आणि ती म्हणते, छान झोप लागली.”

“तुमचा राग गेला?”

“तुमच्यावरचा? फार दिवस टिकवला. त्रास मलाच व्हायला लागला.” त्या हसल्या, मग थांबल्या. “तो दत्तोबा म्हणाला होता ना... आपली मंडळी का म्हणून...”

“हो.”

“कुणी पुन्हा विचारलं, तर मी कदाचित... नाही म्हणणार नाही.”

पाळणा थोडा हलला. मी दांडीवरच्या त्यांच्या बोटांशेजारी माझी बोटे ठेवली. त्यांनी हात काढला नाही.

“पण एक विचारते. एकदाच.” त्या आता सरळ माझ्याकडे पाहत होत्या. “त्या दिवशी रस्त्यावर तुम्ही म्हणालात, मला कळलं नाही. मी ते खरं धरलंय. त्याच्याच आधारावर इथं, तुमच्या शेजारी बसलेय. कळलं नव्हतं ना?”

‘नव्हतं’ एवढाच शब्द पुरला असता. तो माझ्या ओठांवर तयार होता. महिनाभर मी तो स्वतःलाही ऐकवत आलो होतो. पण त्यांना माझ्या अक्षरात खोटे पाहवत नव्हते. माझ्या तोंडून त्यांना ते ऐकवावे, हे माझ्याने होईना.

“कळलं होतं,” मी म्हणालो. “दत्तोबानं पहिल्यांदा विचारलं, तेव्हाच कळलं होतं.”